कुंडीतला वैशाख

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला, आणि हा आकडा सावलीतला होता. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, हवा खेळती राहील अशा बेताने ठेवलेला असतो. गच्चीवरच्या कुंडीच्या नशिबी असली बडदास्त नसते. वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब आणि बाजूने कठड्याची झळ. पेपरात ४२ अंश छापून येतात त्या दिवशी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली उन्हाकडच्या कडेची माती पन्नाशीला टेकलेली असू शकते.

जमिनीत लावलेल्या झाडाला एवढं सोसावं लागत नाही. हातभर खाली गेलं की मातीचं तापमान दिवसभरात जेमतेम हलतं, आणि मुळांना तिथवर जायला वाट असते. कुंडीतली मुळं मात्र वाढत वाढत कडेला जातात आणि भिंतीला चिकटून गोल फिरू लागतात, म्हणजे नेमकी जिथे माती सर्वांत जास्त तापते तिथेच. बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ पस्तीस अंशांच्या पुढे मंदावते. चाळिशीच्या वर रोज काही तास काढावे लागले तर टोकाची पांढरी, कोवळी मुळं मरू लागतात. पाणी आणि अन्नद्रव्यं ओढून घेणारी मुळं हीच. वर पानं मलूल होतात, पिवळी पडतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "खत घालून बघू या का?"

उन्हाळ्यात कुंडीतली जितकी झाडं तहानेने जातात, जवळजवळ तितकीच या प्रेमळ प्रश्नाने जात असावीत.

सेंद्रिय खत झाड थेट खात नाही. ते आधी मातीतले जिवाणू आणि बुरश्या खातात. पेंडीतला नायट्रोजन प्रथिनांमध्ये अडकलेला असतो. जिवाणू ती प्रथिनं फोडतात, त्यातून अमोनियम तयार होतं, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि तेव्हा कुठे मुळांच्या हाती काही लागतं. या कामाला ऊब लागते. साधारण पस्तीस अंशांपर्यंत दर दहा अंशांमागे कामाचा वेग जवळपास दुप्पट होतो. पण ऊब असून भागत नाही, ओलही लागते. माती कोरडी पडली की कारखाना बंद.

मे महिन्यातल्या कुंडीत या कारखान्याचे हाल होतात. सकाळी पाणी घातलं की माती ओली आणि उबदार होते, काम झपाट्याने सुरू होतं, आणि दुपारी तीनपर्यंत वरची चार बोटं माती खडखडीत वाळून सगळं थांबतं. त्यातही अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू जास्त नाजूक. उष्णता चढली की आधी तेच हात टेकतात, पहिल्या टप्प्यातले मात्र काम करतच राहतात. परिणामी अमोनियम साचतं. ताजी पेंड घातलेल्या कुंडीला दोन-तीन दिवसांनी नाकात झोंबणारा वास येतो तो याचाच. पुढे पानांच्या कडा तपकिरी होतात, नवी पालवी गळते. माळीकाका एका वाक्यात निदान करतात: झाडाला खत लागलं.

'सेंद्रिय आहे, जास्त झालं तरी काय बिघडणार?' हा समज इथे आकड्यांनी तपासून बघावा. चांगल्या शेणखतात नायट्रोजन जेमतेम अर्धा टक्का असतो. गांडूळखतात तो किमान एक टक्का असावा, असं खत नियंत्रण आदेश सांगतो. निंबोळी पेंडीत तो पाच टक्क्यांच्या आसपास आणि भुईमुगाच्या पेंडीत सात टक्क्यांच्या. म्हणजे शंभर ग्रॅम भुईमूग पेंडीत सात ग्रॅम नायट्रोजन, पंधरा ग्रॅम युरियात असतो तेवढाच. बारा इंची कुंडीत भर उन्हात पंधरा ग्रॅम युरिया टाकायला कुणाचाही हात थरथरेल. पेंड मात्र लोक मुठीने टाकतात.

शेणखत किंवा गांडूळखत दोन मुठी जास्त पडलं तर फारसं बिघडत नाही. पेंडींचं तसं नाही. त्या थंडीच्या शेवटी किंवा पावसाळ्यात द्याव्यात, चमच्याच्या मापाने द्याव्यात आणि आठ-दहा दिवस पाण्यात भिजवून, आंबवून, भरपूर पातळ करून दिल्या तर उत्तम. त्या बादलीला वास येतो. शेजारी विचारतील, तेव्हाचं उत्तर आधीच तयार ठेवलेलं बरं.

मोगऱ्याकडे पाहिलं की हे वेळापत्रक नीट समजतं. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड पट्ट्यात आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा केल्या आहेत आणि तिथल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात येतात. शेतातला आणि कुंडीतला मोगरा एकाच नियमाने चालतो: फूल नव्या फुटीवर येतं, आणि नवी फूट छाटणीनंतर येते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून झाडाला विश्रांती द्यायची. जानेवारी सरता सरता छाटणी करायची, वरची दोन-तीन इंच जुनी माती खरवडून काढायची, तिथे कुजलेलं शेणखत आणि दोन चमचे निंबोळी पेंड घालायची आणि पाणी सुरू करायचं. फेब्रुवारीतली हवा जिवाणूंना मानवते, मार्चपर्यंत खत लागू पडलेलं असतं आणि कळ्यांचा पहिला बहर येतो. एप्रिल-मे मध्ये मोगऱ्याला ऊन हवंच असतं, दिवसाचे पाच-सहा तास तरी. पण तेव्हा खताचा रतीब नको. फुलं ओसरलेल्या फांद्यांचे शेंडे खुडायचे आणि पंधरवड्यातून एकदा पातळ द्रवखत द्यायचं, बस्स. जास्त नायट्रोजन मिळालेला मोगरा हिरवागार, टवटवीत दिसतो आणि फुलत नाही.

द्रवखतांत महाराष्ट्रात सर्वांत गाजलं ते जीवामृत. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ते घरोघरी पोचवलं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मूळ कृती शेतासाठीची आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तितकंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गच्चीसाठी याला सरळ विसाने भागावं. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, पन्नास ते शंभर ग्रॅम गूळ, तितकंच बेसन. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळलं की उन्हाळ्यात दोन दिवसांत ते आंबतं. कुंडीसाठी त्यात दहापट पाणी मिसळावं, आणि ते ओल्या मातीवरच, संध्याकाळी ओतावं. कोरड्या, तापलेल्या मातीत गोमूत्रातले क्षार मुळांना सोसवत नाहीत.

क्षारांवर आणखी दोन शब्द खर्च करायला हवेत. मातीच्या कुंडीच्या काठावर उन्हाळ्यात पांढरी पापुद्र्यासारखी कड दिसते. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात, त्यांचीच ती कड. बोअरवेलचं जड पाणी असेल तर ती महिन्याभरात उमटते. अशा कुंडीत वर आणखी खत घालणं म्हणजे आगीत तेल. महिन्यातून एकदा सकाळी, शक्य असेल तर नळाचं गोडं पाणी, खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत सावकाश घालावं आणि मगच द्रवखताचा विचार करावा.

स्वयंपाकघरातल्या 'खतां'बद्दल थोडं कडू बोलणं भाग आहे. अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळायला आम्लधर्मी माती लागते. देशावरची काळी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही बहुधा अल्कधर्मी, त्यामुळे टरफलांचे तुकडे वर्षभराने कुंडी उकरली तरी जसेच्या तसे सापडतात. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडलं की कॅल्शियम कमी पडलं असं म्हणतात आणि टरफलं घालतात. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतं. पाणी कधी जास्त, कधी मुळीच नाही, असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. केळीच्या सालीत पोटॅशियम आहे हे खरं, पण मे महिन्यात अख्खी साल मातीवर ठेवली तर ती वाळून चामडं होते आणि पुरली तर चिलटं जमतात. चहाचा चोथा धुऊन, वाळवून, थोडाथोडा चालतो. या सगळ्यांची खरी जागा कंपोस्टच्या डब्यात आहे.

आणि तो डबासुद्धा सावलीत हवा. गांडूळखताचा वाफा किंवा टब असेल तर जास्तच, कारण पस्तीस अंशांच्या पुढे गांडुळांची धडगत नसते. आंब्याच्या दिवसांत सालींचा ढीग एकदम त्यात टाकला तर कुजताना निघणारी उष्णता वरच्या उन्हात मिसळते आणि गांडुळं टबाच्या कडांवर चढून पळ काढू पाहतात. ओलं गोणपाट वर टाकावं, साली एकाआड एक दिवस घालाव्यात आणि प्रत्येक थरावर सुका पाला.

सुका पाला आणि उसाची चिपाडं, उन्हाळ्यातल्या कुंडीला सर्वांत उपयोगी पडणारी ही सामग्री आणि दोन्ही फुकट. झाडांची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि पाठोपाठ गल्लोगल्ली रसवंत्यांची घुंगरं वाजू लागतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीचा जो प्रयोग केला, त्याचा पायाच ही चिपाडं होती. प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिंपांमध्ये चिपाडं भरून, अगदी थोड्या मातीवर ते भाजीपाला आणि फळझाडं वाढवत. पुण्यात आदिती देवधर यांच्या 'ब्राउन लीफ'ने पाला जाळण्याला पर्याय म्हणून ज्याच्याकडे पाला आहे त्याची गाठ ज्याला तो हवा आहे त्याच्याशी घालून दिली. एकाच्या आवारातली डोकेदुखी दुसऱ्याच्या गच्चीवर दोन इंचांचं आच्छादन होते.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग याच वाटेने गेली. काही हजार कामगारांचा स्वयंपाक जिथे होत असे, तिथला ओला कचरा खाली पाठवायचाच नाही, तो वर न्यायचा आणि त्यातच झाडं लावायची. त्यामागे दोशींच्या प्रयोगाइतकीच कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची प्रेरणा होती. दाभोलकरांच्या विचारातून आलेली 'अमृत माती' करायची झाली तर उन्हाळा हाच मुहूर्त. सुका पाला अमृतजलात, म्हणजे शेण, गोमूत्र आणि किंचित गुळाच्या आंबवलेल्या, पातळ केलेल्या पाण्यात भिजवून थर लावायचे, अधूनमधून माती पेरायची. ढीग बसला की त्यावर तऱ्हेतऱ्हेचं बी पेरून एकवीस, बेचाळीस आणि त्रेसष्ट दिवसांनी ती रोपं कापून पुन्हा त्याच ढिगात मिसळायची. चार-साडेचार महिने लागतात. मार्चमध्ये सुरुवात केली तर श्रावणात हातात काळीशार, भुसभुशीत माती येते.

आच्छादनाबाबत एक पथ्य आहे. चिपाडं किंवा लाकडाचा भुसा मातीवर पसरावा, मातीत कालवू नये. या पदार्थांत कार्बन भरमसाट आणि नायट्रोजन नावापुरता. मातीत मिसळले की ते कुजवायला जिवाणू कुंडीतलाच नायट्रोजन वापरून टाकतात आणि झाड पिवळं पडतं. चिपाडांना रसाचा गोडवा असतो, म्हणून ती एकदा पाण्यातून काढून दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवावीत. नाहीतर गच्चीवर मुंग्यांचं संमेलन भरतं. थर खोडाला टेकू देऊ नये, दोन बोटं जागा सोडावी.

आता पाणी. बारा इंची कुंडीचं तोंड सुमारे सातशे चौरस सेंटिमीटर भरतं. देशावर मे महिन्यात उघड्या भांड्यातून दिवसाला दहा मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. या हिशेबाने नुसत्या तोंडाएवढ्या जागेतून पाऊण लिटर जाईल, आणि झाडाचा पसारा तर कुंडीच्या तोंडाच्या दुप्पट-तिप्पट असतो. दोन लिटरची मागणी उगाच नाही. ते सकाळी आठच्या आत घालावं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून किंवा उन्हात पडलेल्या नळीतून दुपारी येणारी पहिली धार हाताला पोळते. तीच मुळांना पाजणारे लोक कमी नाहीत.

दुपारी दोन वाजता मान टाकलेलं झाड तहानलेलंच असेल असं नाही. पाण्याची उधळपट्टी टाळायला ते पानांवरची रंध्रं मिटून घेतं, पानं सैल सोडतं आणि संध्याकाळी पुन्हा सावरतं. ज्या झाडाची मान सकाळी सातलाही खाली असते त्याची काळजी करावी. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावं. मातीला वाफसा असेल, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, तर त्या झाडाला पाणी नको, सावली हवी. 'उन्हात पानावर पाणी पडलं की थेंबाचं भिंग होऊन पान जळतं' या समजाची २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी परीक्षा घेतली. गुळगुळीत पानांवर थेंबांनी भाजल्याचं आढळलं नाही. लव असलेल्या पानांवर थेंब पृष्ठभागापासून उचललेला राहतो, तिथे मात्र ती शक्यता दिसली.

नर्सरीतून आणलेल्या गुलाबाची गोष्ट वेगळी. त्याच्या मुळांभोवती बहुधा लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो एकदा वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून कुंडीच्या कडेने खाली उतरतं, ताटलीत जमा होतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, भरपूर पाणी झालं. आतली मुळं कोरडीच. पूर्ण सुकलेलं कोकोपीटही पाणी असंच झिडकारतं. अशी कुंडी अख्खी बादलीत उतरवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी.

दोन-तीन दिवस गावाला जायचं असेल तर संक्रांतीची सुगडं कामाला येतात. पूजा झाल्यावर ती कुठेतरी कोपऱ्यात पडून असतात. न रंगवलेल्या सुगडात पाणी भरून तासाभराने बाहेरून हात लावावा. ओलसर लागलं तर ते पाझरतंय. मोठ्या कुंडीत ते गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर झाकण ठेवायचं. भोवतीची माती जशी सुकेल तसं पाणी ओढून घेते.

कुंडी मातीची की प्लास्टिकची, यावर बागप्रेमींत हिरिरीने वाद होतात. मातीची कुंडी माठासारखीच पाझरून स्वतःला गार ठेवते, पण त्याच गुणापायी लवकर सुकते. दिवसातून एकदाच पाणी घालणं जमणार असेल तर प्लास्टिकची फिक्या रंगाची कुंडी, तिच्या उन्हाकडच्या बाजूला विटा किंवा दुसरी झाडं, आणि खाली स्लॅबपासून तिला उचलून धरणाऱ्या दोन विटा, ही सोय जास्त व्यवहारी.

सावलीचा विचार दिशेपासून करावा लागतो आणि इथे बरेचजण फसतात. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत आणि २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो दुपारी उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे थंडीत ऊन न्हालेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत मे महिन्यात वरच्या स्लॅबची सावली पडते, आणि वर्षभर 'इथे ऊनच येत नाही' अशी तक्रार असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. तिथे निवांत ठेवलेले नेचे आणि मनीप्लांट एप्रिलमध्ये अचानक भाजतात ते यामुळे. पश्चिमेच्या बाल्कनीत काय ठेवावं? बोगनवेल, सदाफुली, अडेनियम, आणि दुपारनंतर एक पडदा. उघड्या गच्चीवर पन्नास टक्क्यांची शेडनेट पुरते, फक्त ती झाडांच्या डोक्यावरून दोन-तीन फूट उंच बांधावी, म्हणजे खालची गरम हवा कोंडत नाही.

काही झाडांना मात्र सावलीचं कौतुकच नाही. राजगिरा कार्बन डायऑक्साइड पकडायची अशी एक जोड-यंत्रणा बाळगून आहे की कडक उन्हात, रंध्रं अर्धवट मिटलेली असतानाही त्याचं काम चालू राहतं. घोळ तर त्याहून वस्ताद. तिच्याकडे ही यंत्रणा आहेच, शिवाय पाण्याचा ताण पडला की ती निवडुंगांसारखी रात्री रंध्रं उघडते. गवार, भेंडी, चवळी, अंबाडी याही उन्हाला पुरून उरतात. टोमॅटो मात्र दिवसा पस्तीस आणि रात्री पंचवीसच्या वर गेलं की पराग निकामी होऊन फुलं गाळतो. तेव्हा त्याला कोणतंही खत, कोणतंही टॉनिक उपयोगाचं नाही.

उन्हाळ्यातली कीड म्हणजे जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि भेंडी-गुलाबावरचे लाल कोळी. नायट्रोजन खाऊन लुसलुशीत झालेली फूट पिठ्याला विशेष आवडते, हेही खत आवरतं घ्यायचं एक कारण. कोळ्यांना कोरडी हवा मानवते, म्हणून पानांच्या पाठीवर सकाळी पाण्याचा फवारा मारला तरी अर्धं काम होतं. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर सूर्य कलल्यावरच, नाहीतर औषधानेच पानं भाजतात.

जूनमध्ये मृगाचा पाऊस पडतो आणि आठवड्याभरात सगळ्या कुंड्या एकदम हिरव्यागार होतात. यात पावसाच्या पाण्याचा वाटा आहेच, पण मातीचाही आहे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये दाखवून दिलं की वाळलेली माती पुन्हा भिजली की जिवाणूंचं काम एकाएकी उसळतं आणि साठलेल्या सेंद्रिय पदार्थांतून नायट्रोजन भराभर मोकळा होतो. मार्चपासून कुंडीत घातलेलं आणि कोरडेपणामुळे अडून राहिलेलं सगळं खत या आठ-दहा दिवसांत झाडाच्या पदरात पडतं. म्हणून पहिल्या पावसाबरोबर पेंडीची पिशवी उघडायची घाई करू नये. आधी आच्छादनाचा थर निम्मा करावा, ताटल्या काढून ठेवाव्यात, कुंड्यांची बुजलेली भोकं काडीने मोकळी करावीत. नवी पालवी पूर्ण उमलून तिचा रंग जरा फिका पडू लागला, की मग बारा इंची कुंडीला दोन चमचे निंबोळी पेंड, खोडापासून दूर, कडेकडेने.